गयाबाईच्या पानावरची एक ओळ

माहेरी गेले की आई हमखास विचारते, ‘तुझी ती गावाची वेबसाइट चालते का गं अजून?’ मी ‘हो’ म्हणते आणि विषय बदलते. सात वर्षं मी विषय बदलत आले आहे — आईपाशी, नवऱ्यापाशी, अगदी स्वतःपाशीसुद्धा. आज नाही बदलणार. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखत असतात तर अर्ध्यातच माझी बाजू घेतली असतीत. अशा वेळी लोक काय बोलतात ते मला पाठ आहे — ‘सासरी राहणारी बाई, ती बिचारी काय करणार!’ बिचारी? चांगली पदवी घेतलेली, तीन वर्षं संगणक शिकलेली, दोन वेळा पोटभर जेवणारी बाई बिचारी कशी? या शब्दाचा मला फार संताप येतो. त्याच्या आड लपायला किती सोपं जातं म्हणून तर जास्तच.

त्या वेबसाइटबद्दल माझा सत्कार झालाय, हेही सांगून टाकते. तालुक्याच्या गावी, मोठ्या सभागृहात, शाल आणि नारळ. एका गुरुजींनी भाषणात म्हटलं, या ताईंनी आपल्या गावाचा आवाज जगापर्यंत पोचवला. मी मान खाली घालून हसले. लोकांना वाटलं, लाजली. लाजले नव्हते हो. कुणाचा आवाज पोचवला मी? आणि कुणाचा गळा दाबला? ती शाल मी आणल्या दिवशीच कपाटाच्या तळाशी घातली, अजून तिथेच आहे.

पण आधी वेबसाइटबद्दल. ती कशी केली हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

आमचं गाव कनेरगाव नाक्यावरून आत वळल्यावर येतं. नाव सांगत नाही. लग्न होऊन आले तेव्हा संगणकाचं शिक्षण ट्रंकेत घालून आले होते, आणि ते ट्रंकेतच राहणार अशी लक्षणं होती. मग मीच एके दिवशी ठरवलं, गावाची एक साधी वेबसाइट करायची. अगदी साधी. तिला लॉगिन नको, मागे डेटाबेस नको, महिन्याचा खर्च नको. एक फोल्डर, त्यात प्रत्येक पानाची एक साध्या मजकुराची फाईल. मार्कडाउन म्हणतात त्या पद्धतीला. ओळीच्या आधी एक खूण केली की मथळा होतो, तारका टाकली की यादी होते. शिकायला एक दुपार पुरते. प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर दोन आडव्या रेघांच्या मध्ये पानाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, असं थोडकं लिहायचं. मग एक आज्ञा द्यायची, की सगळ्या फाईलींची पानं तयार होतात, आणि ती फुकटच्या जागेवर चढवायची. झाली वेबसाइट. आमच्याकडे मोबाइलला रेंज येते-जाते, तरी ही पानं चटकन उघडायची, कारण त्यांत मजकुराशिवाय काही नव्हतंच.

आता ती ओळ. फाईलीच्या डोक्यावर आणखी एक ओळ घालता येते — ‘ड्राफ्ट: ट्रू’. म्हणजे हा कच्चा मसुदा आहे, एवढ्यात लोकांना दाखवू नकोस. ही ओळ असली की आज्ञा दिल्यावर बाकीची सगळी पानं तयार होतात, आणि हे एक तेवढं मागे राहतं. फाईल खोडली जात नाही. जिथल्या तिथे असते. फक्त जगाला दिसत नाही. आणि आणखी एक सोय आहे — वेबसाइट चढवायच्या आधी आपल्याच संगणकावर चालवून बघता येते. तिथे ‘मसुदेसुद्धा दाखव’ म्हटलं की तो तेही दाखवतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही. तेच रंग, तीच अक्षरं, तीच पानांची यादी. फरक एवढाच, की ते त्या एका संगणकाच्या बाहेर कुठेच नसतं.

मसुदा राखून ठेवायला किती छान सोय, नाही? मी तिचं काय केलं ते ऐका.

वेबसाइटवर ‘गावाविषयी’ म्हणून पान होतं. त्यात मीच लिहिलं होतं की गायरानातलं तळं माझ्या आजेसासऱ्यांनी गावासाठी बांधलं. सासरी सगळे तसंच सांगायचे. तळ्याच्या काठाला दगड आहे, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. दगडावर कोरलेलं खोटं असेल असं कुणाला वाटतं?

ते पान कुणीतरी वाचून दाखवलं असेल, कारण एका दुपारी गयाबाई आल्या. गायरानाच्या पलीकडे मेंढ्या राखणारी चार-पाच घरं होती, त्यांतल्या त्या सगळ्यांत वयस्कर. मी त्यांना मावशी म्हणायची. ओसरीच्या पायरीवर बसल्या, कनवटीची चाती काढून लोकर कातायला लागल्या, आणि कातता कातता म्हणाल्या, ‘‘सूनबाई, माझं बी एक लिव की. तळ्याचं.’’

तीन दुपारी त्या आल्या. त्या बोलायच्या, मी टाइप करायची. ज्या साली गावातल्या विहिरींनी तळ दाखवला त्या सालची ती हकिकत. त्यांचे मालक — मारोती — कळप घेऊन गायरानात जायचे. उन्हाच्या वेळी मेंढ्या सावली सोडून एका उघड्या जागेवर जाऊन बसायच्या. रोज तीच जागा. खुरांनी माती उकरायच्या आणि पोट टेकून बसायच्या. मारोतींनी हात घालून बघितलं तर माती गार. मेंढीला उगाच ऊन आवडत नसतं, खाली पाणी असणार, असं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी खणायला घेतलं. गयाबाई पाटीने माती वाहायच्या, पोटुशी असताना. पाणी लागलं. पुढे दोन वर्षांत कडेने दगड रचून तळं झालं. सगळं गाव त्यावर तगलं. आणि मग एके दिवशी आजेसासऱ्यांनी त्यावर नावाचा दगड बसवला. कुणी काही बोललं नाही. त्यांच्याच शेतात सगळ्यांना कामाला जायचं होतं.

मावशींनी हे चिडून सांगितलं नाही. मेंढ्या उन्हात कशा बसायच्या हे सांगताना तर त्या हसल्या. शेवटी विचारलं, ‘‘लिवलं म्हंजी आता कोनी पुसू शकत न्हाई ना?’’ मी म्हटलं, नाही मावशी, कुणी नाही पुसत.

खरं सांगते, वेबसाइटवरचं ते सगळ्यात चांगलं पान होतं. माझी बाकीची पानं म्हणजे लोकसंख्या, शाळा आणि हळदीचं क्षेत्र. हे एक पान जिवंत होतं. मी ते वाचलं, शुद्धलेखन तपासलं, डोक्यावर मावशींचं नाव घातलं. आणि त्याच दुपारी समोरच्या खोलीतून मामंजींचा आवाज आला.

माझे सासरे. पाहुणे आले होते. मामंजी त्यांना सांगत होते, ‘‘आमच्या सूनबाईनं केली ही वेबसाइट. आमच्या घरातून झालं हे काम.’’ लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यांनी माझं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीत माझ्यासाठी टेबल आलं. समोरच्या खोलीत! जिथे बायकांनी चहा ठेवून परत फिरायचं, तिथे माझं टेबल, माझी खुर्ची, खिडकीतून येणारा उजेड.

तर मी ती ओळ घातली. ‘ड्राफ्ट: ट्रू’.

कुणी सांगितलं मला? कुणीच नाही. इथेच तुम्ही माझी बाजू घ्याल म्हणून नीट सांगते. मामंजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांना त्या पानाचा पत्ताही नव्हता. धमकी नाही, डोळे वटारणं नाही, काही नाही. मी आपणहून घातली. ते टेबल जाईल असं मला वाटलं. जाईलच असंही नाही — जाईल असं नुसतं वाटलं! एका लाकडी टेबलापायी. मी मनाशी म्हटलं, थोडे दिवस राहू दे मसुद्यात, योग्य वेळ आली की लावू. ही योग्य वेळ म्हणजे काय प्रकार असतो हो? ज्यांना काही करायचं नसतं तेच तिची वाट बघतात.

इथे थांबले असते तर नुसती भित्री ठरले असते. मी पुढे गेले.

मावशी दर आठवड्याला यायच्या. ‘‘आलं का माझं?’’ मी म्हणायची, नेट नाही, काम चालू आहे, पुढच्या आठवड्यात. चार-पाच वेळा झालं. मग एकदा माझी जीभ रेटेना. मी संगणकावर वेबसाइट चालू केली, ‘मसुदेसुद्धा दाखव’ म्हटलं, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ‘‘हे बघा मावशी, आलं.’’

त्यांना वाचता येत नव्हतं. ‘‘आमच्या मालकाचं नाव कुटं हाय, दाव.’’ मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं. मला ते पान तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि मी — मी स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचत होते. जराही अडखळले नाही. ‘‘सगळ्या दुनियेत दिसून राहिलं का हे?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘हो मावशी, सगळीकडे.’’

वाचता न येणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायला मी तीन वर्षं कॉलेजात गेले होते, नाही का?

पुढच्या आठवड्यात त्यांनी घोंगडीचा एक तुकडा विणून आणला. काळा, काठाला पांढरी रेघ. लॅपटॉपखाली घालायला. मी घेतला.

त्यांनी गावभर सांगितलं. नळावर सांगितलं, नाक्याच्या बाजारात सांगितलं, लेकीच्या सासरी सांगितलं. मारोतीचं नाव कंप्युटरात आलं. लोकांनी मान डोलवली असेल, कुणी उघडून बघायला गेलं नाही. मला दोन महिने चैन पडलं नाही. मग पडायला लागलं. माणसाला चैन पडायला वेळ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग ग्रामसभा आली. विषय होता तळ्याचं सुशोभीकरण. कडेने तारेचं कुंपण, बसायला बाकं, आजेसासऱ्यांच्या नावाची कमान, आणि एक फाटक. जनावरं घाण करतात म्हणून फाटकाला कुलूप. गायरानात मेंढ्यांना दुसरं पाणी नव्हतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. मामंजी पुढे खुर्चीवर बसले होते. मी बाजूला, मांडीवर लॅपटॉप घेऊन. लोकांना वेबसाइट दाखवायची होती म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं.

मावशी उभ्या राहिल्या. त्या सभेत बोलणारी ती एकटी बाई. म्हणाल्या, तळं आमच्या माणसांनी खणलं, मेंढ्यांनी दावलेल्या जागी खणलं, तिथून मेंढ्यांना हाकलता येणार नाही. मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी पुरावा मागितला. मावशी जराही डगमगल्या नाहीत. त्यांच्याकडे पुरावा होता ना! ‘‘म्या खोटं काहून बोलू? कंप्युटरात लिवलेलं हाय. माझ्या डोळ्यानं पायलं म्या. इचारा सूनबाईला.’’

ग्रामसेवकांनी मोबाइलवर वेबसाइट उघडली. वर केली, खाली केली. सज्जन माणूस, खरोखर शोधत होते. म्हणाले, ‘‘नाही हो आजी, असं पान दिसत नाही.’’ लोक मोठ्याने हसले. मावशी हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. खाली त्यांचीच घोंगडी होती. फाईल उघडायची, ती ओळ खोडायची, एक आज्ञा द्यायची. मोबाइलच्या नेटवर सगळं मिळून तीन मिनिटं लागली असती. तेवढा वेळ सभा सहज थांबली असती. मी नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणाले, ‘‘मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. तसं पान साइटवर नाहीच.’’

ऐकलंत? ‘साइटवर नाही.’ शब्द कसा निवडून घेतला बघा. सगळ्या गावासमोर एका म्हातारीला खोटं पाडताना मी एवढी काळजी घेतली, की उद्या कुणी विचारलं तर माझं वाक्य खरं ठरावं! भीतीने माणूस गांगरतो म्हणतात. मी गांगरले नव्हते. मी विचार करून बोलले. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, आणि मारून घेतलं तरी त्याने काय होणार आहे?

मामंजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. शाबासकीची नव्हती ती. त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

कुंपण झालं. कमान झाली. त्याचे फोटो मीच वेबसाइटवर टाकले. ‘सुशोभीकरण’ नावाची नवी फाईल केली, तिच्यावर मात्र मसुद्याची ओळ घातली नाही. मेंढ्या राखणाऱ्यांची घरं महिन्याभरात उठली. कळप सिद्धेश्वरकडे धरणाच्या पाण्याला गेला, आणि मावशींनी तिकडे लेकीकडे राहायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी त्या आल्या. मी एकटी होते. मला वाटलं शिव्या देतील. मनातून मला त्या हव्याच होत्या, शिव्या खाल्ल्या की फिटल्यासारखं वाटतं. मावशी आज पायरीवर बसल्या नाहीत. अंगणात उभ्या राहिल्या आणि खरंच काही समजून घ्यायचं असावं तसं विचारलं, ‘‘सूनबाई, येक सांग मला. ते माझं पान तुमच्या घरातच व्हतं का?’’

अक्षरओळख नसलेल्या बाईने माझी सगळी चलाखी एका वाक्यात ओळखली होती. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, ‘‘मावशी, चहा ठेवते, बसा.’’ आत गेले. आधण ठेवलं. दूध ओतलं. बाहेर आले तेव्हा अंगण रिकामं होतं.

मामंजी मागच्या वर्षी गेले. आता हे सांगतेय ते त्यामुळेच का, असं तुम्ही विचाराल. विचाराच. हो, त्यामुळेच. ज्यांची मला भीती वाटत होती — ज्यांनी मला कधी भीती घातलीच नव्हती — ते उरले नाहीत, म्हणून मला कंठ फुटला. याला धाडस म्हणू नका. मावशी आज आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. त्यांच्या लेकीचं गाव मला माहीत आहे. एक फोन केला असता तर कळलं असतं. सात वर्षांत मी तो केलेला नाही, आणि आजही हे लिहायला बसण्याआधी केलेला नाही.

आज सकाळी ती फाईल उघडली. सगळं जसंच्या तसं होतं, मारोतींचं नाव, गार माती, उन्हात बसलेल्या मेंढ्या. वरची ओळ खोडली. खोडायला एक क्षण लागला. हे जे मी लिहिलं तेही त्याच फोल्डरात, त्याच्या शेजारच्या फाईलीत आहे, आणि त्यावर ती ओळ नाही. दोन्ही पानं एकदमच चढवते आहे. तळ्याला कुलूप आहेच. गायरानात आता एकही मेंढी नाही.

अंगणात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलंय. व्हय मावशी. तुमचं पान आमच्या घरातच होतं.